भरवशाची बारी

वंदनाताई,

परवा संस्थेच्या सभागृहात तुमची शोकसभा झाली. आम्ही सगळे माना खाली घालून मौन पाळायला उभे राहिलो, आणि त्या शांततेत भिंतीपलीकडून तुमचं यंत्र ऐकू आलं.

तुम्ही असताना त्याचा आवाज कधी सभागृहापर्यंत पोचला नव्हता. परवा पोचत होता. एकसारखी, दम न घेणारी घरघर. लोक जमिनीकडे बघत होते, मी भिंतीकडे. आणि खरं सांगायचं तर रडू यायच्या आधी मला राग आला. तुम्हाला याचं नवल वाटणार नाही. "तुह्या डोक्यात पयले जाळ होते, मंग अक्कल येते," असं तुम्हीच म्हणायचात.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, पण आमच्या संघटनेच्या अंकात छापायलाही देणार आहे. म्हणून तुम्हाला पाठ असलेल्या गोष्टी पुन्हा सांगाव्या लागतील. "वाचणाऱ्याले पयले बसाले जागा दे, मंग भांड." हेही तुमचंच. माझ्या प्रत्येक पत्रकावर ऐकवलेलं.

तर जागा अशी. अकोल्याच्या शेती संशोधन संस्थेत तळमजल्यावर तुमची खोली. तिच्यात उंच मांडण्यांवर रचलेले संगणक, सगळे एकमेकांना जोडलेले. एकेकाला नोड म्हणायचं, सगळ्यांना मिळून क्लस्टर. पावसाचा अंदाज, बोंडअळी कोणत्या शिवारातून कोणत्या शिवाराकडे सरकेल याचा हिशोब, बियाण्यांच्या जनुकांची तुलना, असली अवाढव्य गणितं ते करतं. आणि वीज खातं. गणित करायला खातं, गणित करून तापतं म्हणून गार व्हायला पुन्हा खातं. तुम्ही त्या खोलीच्या प्रमुख होतात, आणि मी अमरावतीहून मोर्चा घेऊन ती खोली बंद पाडायला आले होते.

मे महिना होता. वरुडकडच्या आमच्या शिवारात संत्र्याची झाडं पाण्यावाचून माना टाकत होती आणि लाईन, म्हणजे शेतपंपाची वीज, मनाला येईल तेव्हा येत-जात होती. पत्रक मी लिहिलं होतं. मथळा होता, "शेताला चटके, यंत्राला गारवा!" आणि तिसरी ओळ, "आमची लाईन या खोलीत जाते." तुम्ही फाटकाशी आलात, तोंडाला दुपट्टा गुंडाळलेला, फक्त डोळे दिसत होते. पत्रक वाचलंत, उलटून मागची बाजूही वाचलीत.

"कोनं लिवलं?"

"मी."

"तिसरी ओळ खोटी हाय."

"खोटी नाही," मी म्हणाले. "अपुरी असेल."

"मंग आत ये अन् पुरी कर."

मी एकटीच आत आले. बाहेर डांबर चपलेला चिकटत होतं आणि तुमच्या खोलीत दोन संशोधक विद्यार्थी स्वेटर घालून बसले होते. मे महिन्यात. अकोल्यात. स्वेटर! माझा संताप इतका वर चढला की घोषणाही सुचेना. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत, दुपट्टा सोडून खांद्यावर शालीसारखा ओढून घेतलात आणि म्हणालात, "माह्याकडे काय पायतं? मले आत्ताच भेटली ही खोली. मलेबी थंडीच वाजून राहिली."

ते पत्रक मी मागे घेत नाही, ताई. स्वेटर खरे होते.

पण ते स्वेटर तुम्हीच काढायला लावलेत, हेही इथे लिहिते. खोलीचं तापमान वाढवायचं म्हटल्यावर जुने लोक घाबरले, यंत्र मरेल म्हणाले. बनवणाऱ्यांनीच सोबत दिलेली माहिती तुम्ही त्यांच्यापुढे ठेवलीत, एवढ्या गारठ्याची त्याला गरजच नाही म्हणून. मग गरम हवा आणि गार हवा वेगळी ठेवायची ठरवलीत. तेव्हा मला फोन केलात. मला! मोर्चा आणणारीला!

"रेणुका, तुमच्या वरुडात संत्र्याच्या शीतगृहाले त्या प्लास्टिकच्या पट्ट्याइचे पडदे असतात नं? कुठं भेटतात?"

"मी तुमच्या यंत्राची सोय करून देऊ?"

"वीज वाचवाची हाय का नुस्तं वरडाचं हाय?"

आणि मी, वीज-हक्काची कार्यकर्ती, त्या पडद्यांचं भेंडोळं मांडीवर घेऊन एसटीनं अकोल्याला आले. कंडक्टरनं विचारलं, "ताई, कोल्डस्टोरेज टाकून राहिल्या का?" तुम्हाला हे सांगितलं तेव्हा तुम्ही हसून हसून खुर्चीत मागे पडलात. तुमचं ते हसणं, ताई. सबंध खोलीच्या पंख्यांवर चढणारं. आमच्या सभांमध्ये इतकं मोकळं कोणी हसत नाही. आम्ही सारखे गंभीर असतो, कारण आमचं बरोबर असतं.

आता ऑटोस्विचची गोष्ट, कारण सगळं तिथून फिरलं.

शेतपंपाच्या पेटीत एक लहानसा डबा बसवतात. लाईन गेली की पंप बंद पडतो. लाईन परत आली की हा डबा पंप आपोआप सुरू करतो, माणसाला शेतात जावं लागत नाही. त्याला आम्ही नुसतं ऑटो म्हणतो. आमच्या शिवारात तो प्रत्येक पेटीत आहे. मग लाईन येते, सगळे पंप एका क्षणी उठतात, आणि डीपीवरचा, म्हणजे शिवाराला वीज देणाऱ्या खांबावरचा, ट्रान्सफॉर्मर तो दणका सोसू शकत नाही. जळतो. पुढे कित्येक दिवस कोणालाच पाणी नाही. हे प्रत्येकाला ठाऊक आहे. तरी प्रत्येकाच्या पेटीत ऑटो आहे.

मी निवेदन द्यायला आले होते त्या दिवशी संस्थेची वीज गेली आणि परत आली. आली तसा तुमच्या खोलीचा मुख्य स्विच पडला. पुन्हा चढवला, पुन्हा पडला. तुम्ही शोध घेतलात तर कळलं की मुलांनी एक युक्ती करून ठेवली होती. काम मध्येच तुटलं तर ते आपोआप पुन्हा सुरू होईल, शिवाय जास्तीचे नोड धरून ठेवील. वीज आली की सगळ्यांची सगळी कामं एकदम उठत होती. वर, काम संपलं तरी कोणी नोड सोडत नव्हतं. उद्या लागला आणि मिळाला नाही तर? नुसता धरून ठेवलेला नोडही वीज खातो, बांधावर चालू ठेवलेल्या ट्रॅक्टरसारखा.

मी म्हणाले, "आमच्याकडे याला ऑटो म्हणतात. शिकलेल्यांच्या पेटीतही असतो म्हणजे! चोर सगळे."

"चोर काहून? तुह्या बाबाच्या पेटीत नाई काय?"

"आहे."

"मंग? बाबा चोर हाय?"

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते मला आवडत नव्हतं. तुम्ही तेवढ्यावर सोडलं नाही. "असं कर, तुह्या शिवारातले ऑटो काढून दाखव. ज्या दिवशी निघतीन त्या दिवशी हे यंत्र बंद करू. तुह्याच हातानं. लागली पैज."

मी वरुडला गेले. मला वाटलं होतं, समजावून सांगितलं की माणसं ऐकतात. पत्रकं लिहिणाऱ्या सगळ्यांनाच असं वाटतं. बाबा संत्र्याच्या बुंध्याभोवतीची आळी नीट करत होते.

"बाबा, ऑटो काढा."

"काढतो नं. लाईन कव्हा येते ते सांग."

"ते मी कसं सांगू?"

"मंग मी काढू काहून?"

शेजारच्या बांधावरचे काका म्हणाले, "पयले तुह्या बापाले काढू दे." त्यांच्या पलीकडचे म्हणाले, "त्यानं काढला तं मी दोन लावतो." सबंध शिवार फिरून मी रिकाम्या हातानं परत आले आणि तुमच्यासमोर येऊन फणकारले. मला माणसांचा राग आला होता. मी म्हणाले, "ताई, हीच माणसं आमच्या विहिरीवर बारी पाळतात! एक विहीर, तीन घरं, ज्याची बारी त्याचं पाणी. काकांच्या बारीला बाबा विहिरीकडे ढुंकून बघत नाहीत. आणि लाईन म्हटली की लुटालूट. एकच माणूस असा दोन तऱ्हांनी कसा वागतो?"

तुम्ही हसाल, 'हरली नं' म्हणाल, याची तयारी करून आले होते. तुम्ही खुर्चीवरून उठलात. मग म्हणालात, "चाल, घरी जेवाले."

तुमच्या घराच्या अंगणात नळाची तोटी उघडी होती, कोरडी, आणि तिच्याखाली ड्रम. अकोल्यात पाणी कोणत्या दिवशी येईल याचा नेम नाही, म्हणून तोटी कायम उघडीच. पाणी आलं की आवाजानं कळतं. कोणी घरी नसलं की ड्रम भरतो, अंगण भरतं, गल्लीत वाहतं. तुम्ही जेवायचं ताट हातात घेऊन तिथेच उभ्या राहिलात.

"रेणुका, हाबी ऑटोच हाय की वं."

"तुमचा?"

"माह्याच घरचा. विहिरीवर बारीचा भरवसा हाय. लाईनीचा नाई, नळाचा नाई. अन् माह्या यंत्राचाबी नाई. आत्ता हातचं सोडलं तं पुन्हा भेटत नाई, असं वाटते त्या पोराइले. त्याइले शिव्या देऊन काय होते?"

भाकर थंड झाली तरी तुमचा घास उचलला गेला नव्हता. मी मात्र ठेच्याशी दोन भाकरी खाल्ल्या. रागात भूक लागते मला.

त्यानंतर तुम्ही यंत्रावर बारी लावलीत. सोमवारचा चहा सुरू केलात. सगळ्या विद्यार्थ्यांनी, शास्त्रज्ञांनी बसायचं, कोणाला काय लागतं ते तोंडानं सांगायचं, सगळ्यांसमोर. कमी लागत असेल तर तेही सांगायचं. मग ज्याची जी बारी ठरली ती त्याची. अर्धा आठवडा तिकडे फिरकला नाही तरी त्याची बारी कोणी खाणार नाही. मी म्हणाले, "असं कोणी ऐकत नसतं." पहिले काही सोमवार कोणी ऐकलंही नाही. मुलं चहा प्यायची, हो म्हणायची आणि जाऊन नोड धरून ठेवायची. चहा तर तुम्ही असा करायचात की नुसत्या चहासाठी कोणी आलं नसतं.

मग संचालकांचं तातडीचं काम आलं. त्यांचा माणूस आला, आत्ता यंत्र मोकळं करून द्या म्हणाला. त्या दिवशी स्नेहलची बारी होती. स्नेहल म्हणजे बोंडअळीवर काम करणारी मुलगी, पहिल्या दिवशीच्या दोन स्वेटरांपैकी एक. ती न सांगता उठून आपलं काम थांबवायला निघाली. तुम्ही तिला बसवलंत आणि त्या माणसाला सांगितलंत, "साहेबाइले सांगा, आज इची बारी हाय. त्याइची परवा लावते." एवढंच. आवाज न चढवता. पुढे साहेबांनी तुम्हाला काय ऐकवलं ते तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. पण तुम्ही बारी राखलीत, ते खोलीतल्या सगळ्यांनी पाहिलं होतं. त्यानंतर मुलं आपणहून नोड सोडू लागली. सोडला तरी परत मिळतो, हे त्यांना डोळ्यांनी दिसलं होतं. मोकळे नोड झोपी जातील अशी सोय तुम्ही केलीत. काही कामांचा वेग थोडा उतरवलात. कामं पुरी व्हायला जरा उशीर लागायचा, वीज मात्र बरीच कमी लागायची. आणि दर वेळी, कोणी पाहुणा कौतुक करायला आला की तुम्ही सांगायचात, "हे वरुडच्या विहिरीवरून आणलं." मी समोर असले की माझ्याकडे बोट दाखवायचात. मला अवघडल्यासारखं व्हायचं. मोर्चा काढणारीला कौतुक सोसत नाही.

एक दिवस तुमचा फोन आला. "ये, ऐकून जा."

"काय ऐकू?"

"काईच नाई. तेच ऐकाचं हाय."

मी आले. आपण दोघी खोलीच्या दाराबाहेर उभ्या राहिलो. पूर्वी तिथे बोललेलं ऐकू यायचं नाही. त्या दिवशी बाहेरच्या निंबावरचं होल्याचं घुमणं ऐकू येत होतं. तुम्ही डोळे मिटले होतेत. मी तुमच्याकडे बघत होते आणि मला जे कौतुकाचं म्हणायचं होतं ते मी म्हणाले नाही. त्याऐवजी म्हणाले, "ही वाचलेली वीज वरुडला येते का, ताई?"

तुमचे डोळे उघडले. "माह्या खोलीतून तुह्या शिवारात तार टाकू काय?"

"मग वाचवून काय केलंत? तुमचं मन शांत झालं. आमची झाडं वाळायची ती वाळतातच."

तुम्ही कितीतरी दिवस माझा फोन उचलला नाहीत. पण तो प्रश्न मी आजही मागे घेत नाही. वाचलेली वीज जाते कुठे? कोणाच्या दिव्याला, कोणाच्या गारव्याला? शहाण्या माणसांनी वाचवायचं आणि ते कोणी उडवायचं? या प्रश्नाला तुमच्याकडे उत्तर नव्हतं. म्हणूनच तुम्ही रागावलात, हे मला तेव्हाही कळत होतं. माझी शिकवणच अशी, की समोरच्याकडे उत्तर नाही असं दिसलं की तिथेच मारायचं. तुम्ही समोरच्या नव्हतात, ताई. शेजारच्या होतात.

शेवटचं भांडण बसस्थानकावर झालं. तुम्ही मला स्कूटरवरून सोडायला आला होतात. मी म्हणाले, "हे बारीचं प्रकरण कागदावर आणा. नियम करून घ्या. सही, शिक्का. उद्या तुमची बदली झाली तर?"

"तुह्या गावात लाईनीचं वेळापत्रक नाई काय? छापील हाय. शिक्का हाय. हाय का भरवसा?"

"नाही. पण नुसत्या माणसावर भरवसा ठेवायचा, आणि तो माणूसच गेला तर?"

मी बदलीबद्दल बोलत होते. देवाशप्पथ म्हणणार होते, पण तुम्हाला देव चालायचा नाही. खरंच बदलीबद्दल बोलत होते. तेवढ्यात अमरावतीची गाडी लागली. तुम्ही माझी पिशवी खिडकीतून जागेवर टाकलीत आणि म्हणालात, "जाय, जागा जाईन. राह्यलेलं भांडण पुढच्या टायमाले."

तुम्ही गेल्याचं मला धामणगाव रेल्वेच्या स्टेशनबाहेर पत्रकं वाटताना कळलं. हातातली पत्रकं मी वाटून संपवली. का, ते मला सांगता येणार नाही. कदाचित अर्धवट टाकली असती तर तुम्ही ओरडला असतात म्हणून.

तुमच्या घरी पोचले तर माणसांनी अंगण भरलं होतं. आत त्रिसरण-पंचशील चाललं होतं. आणि नळ आला होता. ड्रम भरून पाणी अंगणात, तिथून चपलांखालून गल्लीत चाललं होतं. कोणाचं लक्ष नव्हतं, असायचं कारणही नव्हतं. मी जाऊन तोटी बंद केली. त्या घरात तुमच्यासाठी मी केलेलं तेवढंच एक काम.

आता परवाचं सांगते.

मौन संपलं, सगळे बसले. तुमच्या जागी आलेले नवे प्रमुख बोलायला उठले. वाईट माणूस नाही, ताई. त्यांना खरोखर वाईट वाटत होतं, म्हणून मला जास्त त्रास झाला. ते म्हणाले, "मॅडमनी अपुऱ्या यंत्रात सगळ्यांना सांभाळून घेतलं. आता संस्थेत मोठं यंत्र येतंय, आणि त्याला आपण मॅडमचं नाव देणार आहोत. मग ही बारी, त्या बैठका, कशाचीच गरज उरणार नाही. कोणाला थांबावं लागणार नाही." लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! भिंतीपलीकडे घरघर चालूच.

माझं नाव पुकारलं. मी लिहून आणलेलं भाषण खुर्चीवर ठेवून गेले.

"पुन्हा एकदा उभे राहा," मी म्हणाले. "या वेळी मान खाली नको. कान भिंतीकडे करा."

लोक उभे राहिले. काही नाराजीनं, पण राहिले.

"हा आवाज वंदनाताईंच्या वेळी इथे यायचा का?"

एक-दोघांनी 'नाही' म्हणून मान हलवली.

"आत आत्ता कोणाचं काम खरंच चालू आहे, आणि कोणी नुसती जागा धरून ठेवली आहे?"

नवे प्रमुख हळूच म्हणाले, "ताई, ही वेळ नाही."

"सर, आमच्या शिवारात डीपी जळाली की मोठी डीपी बसवतात. तीही जळते. कारण ऑटो तसाच असतो. तुम्ही मोठं यंत्र आणा. पण बारी काढून टाकून त्याला ताईंचं नाव देऊ नका. दोन्ही मिळून चालणार नाही."

मी आणखी बोलणार होते. तोंडाशी बरंच आलं होतं, सगळं पत्रकाच्या भाषेतलं, टोकदार. तेवढ्यात मागच्या रांगेतून स्नेहल बोलली.

"मी धरून ठेवलेत."

सगळे वळले. ती माझ्याकडे बघत नव्हती, तुमच्या फोटोकडेही नाही. आपल्या चपलांकडे बघत होती.

"माझं काम कधीच संपलंय. मॅडम गेल्या, सोमवारचं बसणं बंद पडलं. मले वाटलं, आता आपली बारी कोण लावणार? हातचं सोडलं तं गेलं."

ताई, तिच्या जागी मी बाबांना पाहिलं. आळ्यात उभे, हातात फावडं. लाईन कव्हा येते ते सांग, मंग काढतो. माझ्या तोंडातले टोकदार शब्द कुठे गेले कोण जाणे.  बसस्थानकावरच्या भांडणात माझं बरोबर निघालं होतं. भरवसा तुमच्यावर होता, तुमच्यासोबत गेला. आणि तुमचंही बरोबर निघालं होतं, कारण या मुलीला छापील नियम दाखवला असता तरी तिनं जागा सोडली नसती. हे मला तुमच्यासमोर कबूल करून तुम्हाला चिडवायचं होतं. कोणाला चिडवू?

स्नेहलनं पिशवीतून लॅपटॉप काढला, मांडीवर उघडला आणि धरलेले नोड सोडून दिले. शेजारच्या मुलानं तिच्याकडे पाहिलं, मग आपला फोन काढला. मग पुढच्या रांगेतल्या एका शास्त्रज्ञ बाईंनी चष्मा शोधला. कोणी भाषण केलं नाही. मीही खाली उतरून बसले.

मोकळे नोड झोपायला थोडा वेळ लागतो, ते तुम्हीच तसं ठरवलेलं. आम्ही बसून राहिलो. मग घरघर एक पायरी उतरली. पुन्हा थोडी. संध्याकाळी शिवारातल्या मोटरी एकेक करून बंद होत जाव्यात तशी. शेवटी काम चालू असलेल्यांचाच आवाज उरला, आणि तो भिंतीपलीकडेच राहिला. नवे प्रमुखही ऐकत होते. मग त्यांनी स्नेहलला विचारलं, "सोमवारी कधी बसायचे तुम्ही?"

"सकाळी. पण चहा मॅडम करायच्या."

"लय वाईट करायच्या," मागून कोणीतरी म्हणालं, आणि सभागृह हसलं. तुमची खरी शोकसभा तिथे झाली, ताई. आधीचं सगळं कार्यक्रमपत्रिकेवरचं होतं.

नवं यंत्र आल्यावर बारी ठेवणार का, याचं उत्तर त्यांनी दिलं नाही. "बघू" म्हणाले. त्या "बघू"चा पिच्छा मी सोडणार नाही.

काल सोमवार होता. मी अमरावतीहून गेले. चहा स्नेहलनं केला, तुमच्यापेक्षा बरा, पण कोणी तसं म्हणालं नाही. एकेकानं आपली गरज सांगितली. एक मुलगा म्हणाला, मला या आठवड्यात काहीच नको. हे म्हणताना त्यानं दोनदा इकडेतिकडे पाहिलं, पण म्हणाला. नवे प्रमुख कोपऱ्यात बसून ऐकत होते. मग सगळे माझ्याकडे बघू लागले.

"मला नोड नको," मी म्हणाले. "ही वाचलेली वीज जाते कुठे, ते सांगा."

कोणालाच माहीत नव्हतं. स्नेहल म्हणाली, "पुढच्या सोमवारी विचारा. तोपर्यंत आमी पाहून ठेवतो."

"दर सोमवारी विचारणार."

"मंग तुमची एक बारी पक्की."

माझी बारी लागली, ताई. तुमच्या यंत्रावर. तिथे मला कोणतं गणित करायचं नाही, एकच प्रश्न विचारायचा आहे.

आपली पैज मात्र अपुरी आहे. बाबांच्या पेटीत ऑटो अजून तसाच आहे. लाईन कधी येईल ते मला त्यांना सांगता येत नाही, आणि जोवर सांगता येत नाही तोवर तो काढा म्हणायचा अधिकारही मला नाही. पत्रकातून ते वाक्य मी वगळलं आहे. आता फक्त वीज सोडणाऱ्या वरच्यांना विचारते की लाईनीची बारी कधी लावता, आणि लावलीत तर ती कोणी खाणार नाही ना.

ते होईल तेव्हा बाबा स्वतः पेटी उघडून तो डबा बाहेर काढतील. पैजेप्रमाणे मी अकोल्याला येऊन यंत्र बंद करायचं. मी येईन. पण स्विचला हात लावणार नाही. आपण उभ्या होतो तिथे, दाराबाहेर उभी राहीन, आणि ऐकून जाईन.

तुमची,
रेणुका